वाशिष्ठीने जे ठेवलं

२२ जुलै २०२१. चिपळूणच्या माणसाला नुसती तारीख सांगितली तरी पुढचं सांगावं लागत नाही. पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारात होतं, सकाळी आमच्या अंगणात आलं आणि दहाच्या सुमारास तळमजल्यावरचं आमचं घर खिडक्यांच्या वरपर्यंत बुडालं. आम्ही दोघं वरच्या बिऱ्हाडाच्या दारात, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होतो. खालून आमचंच दार कुणीतरी आतून ठोठावल्यासारखं वाजत होतं. फ्रिज तरंगत होता, तो धडका देत होता. बायको म्हणाली, "पंधरा वर्षं समुद्रावर काढलीत, आणि सगळं बुडालं ते राहत्या घरात." तशा वेळीही मला हसू फुटलं. मग तिलाही.

तिसऱ्या दिवशी चिखल उपसताना पलंगाखालची काळी ट्रंक हाताला लागली. झाकणावर पांढऱ्या रंगात माझं नाव, ब्रँच आणि नंबर. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, नौदलाच्या तांत्रिक प्रशिक्षण केंद्रात, शिकत होतो तेव्हा एका कोर्समेटने ब्रशने काढून दिलेली अक्षरं, छत्तीस वर्षांनंतरही शाबूत. आतला माल मात्र गेलेला. फोटोंचा एकच ठोकळा झाला होता, सोलायला गेलं की चेहरे नखाला चिकटून येत. पत्रांचा लगदा. जहाजाचं चिन्ह लावलेली लाकडी ढाल फुगून दुभंगलेली. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं, मखमली डबीतलं काहीतरी होतं, ते नेमकं काय होतं हे मला आता आठवतसुद्धा नाही.

शिल्लक राहिल्या दोन वस्तू. एक इनॅमलचा पांढरा मग, कानाशी टवका उडालेला. दुसरी पितळेची पाटी.

पाटी म्हणजे दुकानाची नव्हे. बोटभर लांब, अंडाकृती, दोन्ही टोकांना स्क्रूसाठी एकेक भोक. जहाजाच्या पोटात शेकडो पाइप आणि शेकडो व्हॉल्व्ह असतात, आणि कुठला व्हॉल्व्ह कशाचा हे अंधारात बोटांनी चाचपूनही कळावं म्हणून प्रत्येकाच्या चाकाशी अशी एक पाटी असते. आम्ही तिला टॅली म्हणायचो. माझ्या टॅलीवर इंग्रजीत दोन शब्द कोरलेले आहेत: कॅटापुल्ट स्टीम. पहिल्या शब्दातलं 'सी' ब्रासोने घासून घासून जवळजवळ गेलंय. नळाखाली चिखल धुतल्यावर ते दोन शब्द वर आले आणि मी तिथेच, मोरीच्या कठड्यावर बसकण मारली.

मी विक्रांतवर होतो. आत्ताच्या नव्हे, जुन्या. १९९० ते १९९३. बॉयलर रूममध्ये.

विमानवाहू जहाज म्हटलं की लोकांना विमानं दिसतात. फ्लाइट डेक, पिवळ्या जर्सीतली माणसं, हात हलवून विमान सोडणारा अधिकारी. आम्हाला विमानं दिसत नसत. आमच्या डोक्यावर कित्येक डेक सोडून ती असत. ती उडाल्याचं आम्हाला वाऱ्यावरून कळायचं, म्हणजे वारा हवा म्हणून ब्रिजवरून वेग वाढवायचा हुकूम यायचा त्यावरून. हुकूम आला की बर्नर वाढवायचे, गेज ग्लासमधल्या पाण्यावर डोळा ठेवायचा, आणि फनेलमधून काळा धूर जाता कामा नये. धूर दिसला की वरून शिव्या. चार बॉयलर, चाळीस हजार अश्वशक्तीची टर्बाइन्स, आणि त्या सगळ्याच्या मध्ये घामाने डांगरी अंगाला चिकटलेले आम्ही. ते जहाज मुळात इंग्रजांनी स्वतःसाठी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बांधायला घेतलं होतं. १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या टाइन नदीत पाण्यात उतरलं तेव्हा नाव होतं हर्क्युलिस. युद्ध संपलं, काम थांबलं, सांगाडा तसाच पडून राहिला. १९५७ साली भारताने तो विकत घेतला आणि बेलफास्टला, ज्या गोदीत टायटॅनिक बांधली त्याच हारलँड अँड वोल्फच्या गोदीत, तो पुरा करून घेतला. ४ मार्च १९६१ला विक्रांत झाली. इंग्रजी थंडीच्या हिशेबाने आखलेल्या त्या बॉयलर रूममध्ये अरबी समुद्रातल्या मे महिन्यात काय होत असेल याची कल्पना लोट्याच्या एमआयडीसीत काम केलेल्यांनाच येईल. मी निवृत्तीनंतर तिथेही बॉयलरवरच काम केलं, तेव्हा दोन्हीकडचा अनुभव आहे. लोट्याला निदान शिफ्ट संपल्यावर घरी जाता यायचं.

तर पाटी.

विक्रांतवर पूर्वी वाफेची कॅटापुल्ट होती. गलोलीतून दगड सुटावा तसं विमान पुढे फेकणारी. १९७१च्या युद्धात ती बंगालच्या उपसागरात होती आणि चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले होते. उरलेल्या तिघांवर जहाज पळवायचं आणि त्याच वाफेतून कॅटापुल्टलाही द्यायची, असा तो संसार. तरी ४ डिसेंबरपासून सी हॉक आणि अलिझे विमानं कॉक्सबाझार, चितगाव इथे जाऊन हल्ले करत होती. प्रत्येक विमानामागे एक घोट वाफ. ही वाफ ज्या वाटेने जायची त्या वाटेवर कुठेतरी माझी पाटी होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सी हॅरियर विमानांसाठी डेकच्या टोकाला उतार चढवला, स्की जंप, आणि कॅटापुल्ट काढून टाकली. मी आलो तेव्हा तो पाइप आंधळा होता. टोकाला झाकण मारलेलं, आत काही नाही. पण टॅली तशीच, आणि गंमत म्हणजे दर आठवड्याच्या सफाईत आम्ही तीसुद्धा ब्रासोने चमकवायचो. जे नाही त्याची पाटी. पहिल्याच महिन्यात मी आमच्या चीफना विचारलं की हे कशाला घासायचं. चीफ केरळचे, सत्तरच्या दशकापासून वाफेच्या जहाजांवर जन्म घालवलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पीतल है, घिसो."

एवढंच.

पुढे काही महिन्यांनी हार्बरमध्ये असताना दुरुस्तीचं काम निघालं, तो मेलेला पाइप कापला आणि टॅली भंगाराच्या बादलीत पडली. चीफनीच ती उचलून माझ्या हातात ठेवली. "ले जा. तूने बहुत घिसा है."

आता ही सरकारी मालमत्ता. भंगारातली का होईना, तिची नोंद कुठेतरी असणार. चीफ मला सांगत होते की इंग्रजांच्या नौदलात जहाजावरून घरी न्यायच्या अशा वस्तूला 'ससा' म्हणत. बगलेत पुडकं धरून उतरणाऱ्याला मागून कुणीतरी ओरडे, कान आत घाल रे! मी माझा ससा डब्यात, चपात्यांच्या खाली घातला. गेटपर्यंतची ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. गेटवरच्या जवानाने डबा उघडायलाही सांगितलं नाही. इतकं जीव मुठीत धरून नेलं आणि कुणी विचारलंसुद्धा नाही, याचं थोडं वाईटच वाटलं.

त्यानंतर दर दिवाळीला ही पाटी देवघरातल्या भांड्यांबरोबर पितांबरीने घासली जायची. माझी बायको टापटिपीची. तिच्या लेखी पितळ म्हणजे समई, तांब्या, ताम्हन आणि ही. "यावर काय लिहिलंय?" असं तिने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत विचारलं होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नळाचं नाव." बरोबर आहे. नळाचंच नाव. तिने तीस वर्षांत पुन्हा विचारलं नाही, पण फेकलीही नाही. माझी डांगरी मात्र तिने कापून पायपुसणी केली, एक पुढच्या दाराला, एक मागच्या. चांगलं जाड कापड, वाया कशाला घालवायचं. आठ-दहा वर्षं मी रोज सकाळी माझ्या सर्व्हिसवर पाय पुसून कामाला जात होतो. कधीतरी पावसाळ्यात त्या पायपुसण्याला फर्नेस ऑइलचा वास सुटायचा. तेवढ्यापुरता मी दारात दोन मिनिटं जास्त उभा राहायचो, आणि आतून आवाज यायचा, "चिखल झाडताय की काय?"

आमच्या बॅचची मंडळी ४ डिसेंबरला, नेव्ही डेला, शक्य होईल तिथे जमतात. पूर्वी मुंबईत जमायचो, आता ज्याच्या मुलाचा फ्लॅट मोठा त्याच्याकडे. अलीकडे माझ्या लक्षात आलंय की तिथे पदकांच्या गोष्टी पहिल्या पंधरा मिनिटांत संपतात. मग कुणीतरी खिशातून काहीतरी काढतो. अलिबागच्या एका कोळ्याच्या पोराकडे दोरीचा गोळा आहे. हीव्हिंग लाइनच्या टोकाला बांधतात ती गाठ, माकडाची मूठ म्हणतात तिला. धक्क्यावर दोर फेकताना वजन लागतं म्हणून. त्याने ती चिल्क्याला, नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात, शिकायच्या आधी बापाकडून शिकलेली होती, म्हणून इन्स्ट्रक्टरने त्याला पुढे उभं केलं आणि त्याने सगळ्या वर्गाला शिकवली, तो दिवस त्याच्या मुठीत आहे. दुसऱ्या एकाकडे बोसनची शिट्टी. शिट्टी म्हणजे ती साधी नव्हे, वाकड्या नळीची, टोकाला गोळी, मूठ उघडझाप करून सूर बदलायचे. त्याच्या नातवाने ती वाजवून वाजवून सोसायटीला वात आणलाय आणि हा कौतुकाने सांगतो की पोराला 'पाइप द साइड', म्हणजे सलामीची धून, जवळजवळ जमलं.

माझ्या सासऱ्यांकडचा कागद तर फ्रेम केलेला होता. तेही नौदलातले, माझ्या आधीच्या पिढीतले. मॉरिशसला जाताना जहाज विषुववृत्त ओलांडतं, तेव्हा पहिल्यांदा ओलांडणाऱ्यांना नेपच्यूनच्या दरबारात उभं करतात. म्हणजे कुणीतरी चीफ सुतळीची दाढी लावून बसलेला असतो, तोंडाला पिठाची पेस्ट फासतात, पाण्यात बुचकळतात आणि वर एक सर्टिफिकेट देतात की हा गृहस्थ आता समुद्राचा झाला. सासऱ्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या निवृत्तीच्या सन्मानपत्राच्या वर, एक खिळा उंच, हे नेपच्यूनचं सर्टिफिकेट होतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी तेच आधी वाचलं. लग्न त्याच दिवशी ठरलं म्हणायला हरकत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारी वस्तू मात्र माझ्या मालवणच्या मित्राकडे आहे. तो आयएनएस गुलदारवर होता. गुलदार म्हणजे ८३ मीटर लांबीचं, पोलंडमध्ये बांधलेलं लँडिंग शिप. इतर जहाजांना किनारा म्हणजे धोका, याचं काम किनाऱ्यावर चढायचं. मागचा नांगर आधीच टाकून ठेवायचा, नाक सरळ वाळूत घुसवायचं, पुढचा दरवाजा उघडून रणगाडे नि जवान उतरवायचे आणि मग मागच्या नांगराला ओढ देत पुन्हा पाण्यात सरकायचं. अंदमान-निकोबारमध्ये ते असायचं. दरवाज्याच्या पत्र्यावर दर वेळी वाळू साचायची, ती झाडायचं काम धाकट्यांचं. मित्राने ती झाडलेली वाळू हॉर्लिक्सच्या बाटलीत भरली. पांढरीशुभ्र, पोवळ्यांची, अधूनमधून गंजाचा एखादा तांबडा कपटा. रजेवर आला तेव्हा बाटली मालवणच्या घरी ओसरीवरच्या फडताळात ठेवून गेला.

पुढच्या रजेला आला तर बाटली अर्धी. आईला विचारलं, ती म्हणाली, "मेल्या, रांगोळी आणलंस ती चांगली होती. बारीक. पण हातातून सुटत नव्हती बघ." दिवाळीचे चार दिवस तुळशीपुढे अंदमानचा किनारा घातला होता तिने. मित्र सांगतो की आधी त्याला राग आला, मग त्याने विचारलं काय काढलं होतंस. आई म्हणाली, "होडी. तुझी."

उरलेली अर्धी बाटली अजून आहे. आई गेल्याला दहा वर्षं झाली. आता त्या बाटलीत जहाज किती आणि आई किती, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

मला पुष्कळदा विचार पडतो की ही माणसं, आणि मी, असला चिल्लर माल का जपतो. पैशाच्या दृष्टीने सगळ्याची किंमत मिळून एक वडापाव. माझं उत्तर असं आहे की आम्हाला परत जायला जागा नसते. माझी दापोलीजवळच्या गावातली शाळा अजून उभी आहे, कौलं बदलली, पण ज्या खिडकीतून मी पळायचो ती तिथेच आहे. शेतकऱ्याला बांध असतो. गिरणी कामगाराला, गिरणी गेली तरी, तो नाका असतो. खलाशी मात्र ज्या घरात तीन-चार वर्षं राहिला, ते घर एके दिवशी ओढून नेतात आणि कापून विकतात. पत्ता राहतच नाही. विक्रांतवरचा माझा बंक, तीन मजली रांगेतला मधला, डोक्याशी पाइप, पायाशी लॉकर. तो जमिनीपासून किती उंच होता हे विचारू नका, जमीन नव्हतीच.

विक्रांत १९९४च्या नोव्हेंबरात शेवटची समुद्रावर गेली. ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झाली. मग काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून होती, मुलीला घेऊन मी गेलो होतो. तिला हेलिकॉप्टर आवडलं. मी तिला आमची बॉयलर रूम दाखवायचं कबूल करून नेलं होतं, पण त्या दिवशी प्रेक्षकांची वाट तिथपर्यंत जात नव्हती. साखळी लावलेली. साखळीपलीकडची शिडी मी डोळे मिटून उतरलो असतो. मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना, आइस्क्रीम." २०१२मध्ये संग्रहालयही बंद झालं, जहाज धोकादायक झालं होतं म्हणून. ते वाचवण्यासाठी लोक न्यायालयात गेले, निकाल विरुद्ध लागला, आणि २०१४च्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारुखान्यात, जहाजं तोडतात तिथे, कापाकापी सुरू झाली. लिलावात साठेक कोटी आले होते.

डिसेंबरात आम्ही चौघं रे रोडला उतरून दारुखान्यात गेलो. आत सोडणार नव्हते, ते माहीतच होतं. भंगाराच्या वखारींच्या गल्लीतून, साखळदंडांचे ढीग, जुने पंखे, बोटीवरच्या संडासांची भांडी, असं सगळं ओलांडत जिथून काही दिसेल अशी फट शोधली. फटीतून एक करडी भिंत दिसत होती आणि तिच्यावर गॅस कटरची निळसर ठिणगी. एवढंच पाहिलं. वास मात्र आला. कापताना जुना रंग जळतो, त्याखाली तेल असतं. चौघांपैकी कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी नाकाने एकदम श्वास घेतला, आणि मग एकमेकांकडे बघून ओशाळलो. नाक्यावर चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, "विक्रांतवाले क्या?" दिवसातून दोन-चार जण येत असावेत असेच.

पुढे चोरबाजारात मटण स्ट्रीटवर गेलो होतो तर एका दुकानात पितळी खिडक्या, दिवे, होकायंत्रं. दुकानदार म्हणाला, "विक्रांत का है साहब." पुढच्या दुकानातही विक्रांतचंच. त्या गल्लीत जेवढ्या गोल खिडक्या विक्रांतच्या म्हणून टांगल्या होत्या तेवढ्या खऱ्या असत्या, तर आम्हाला खाली जरा वारा तरी मिळाला असता. २०१६ साली विक्रांतच्या धातूचा वापर केलेली मोटरसायकल आली, बजाजची व्ही. आमच्यातल्या एकाने लगेच घेतली. दर वर्षी ४ डिसेंबरला तिला हार घालतो. मी त्याला म्हटलं, पोलाद वितळवलं की त्यात जहाज कुठे राहिलं, ते नुसतं पोलाद. तो म्हणाला, "तुझी पाटी तरी काय, नळाचं नाव." हे त्याला माझ्या बायकोने सांगितलेलं. मी गप्प बसलो. पण माझं मत बदललेलं नाही. मुंबईत लायन गेटजवळ विक्रांतच्याच धातूचं स्मारक आहे, उंच, देखणं. त्याच्यापुढे मी सॅल्यूट करतो, पण आत काही हलत नाही. जुन्या विक्रांतची घंटा मात्र नव्या विक्रांतला दिली, हे वाचलं तेव्हा बरं वाटलं. घंटा वितळवलेली नाही. तिच्यावर ज्याने टोले दिले त्याचा टोला अजून तिच्यातच कुठेतरी असेल.

विराटचं, म्हणजे नौदलाच्या दुसऱ्या विमानवाहू जहाजाचं, तर आमच्या कोकणात येता येता राहिलं. ती २०१७मध्ये निवृत्त झाली, आणि पुढच्या वर्षी राज्याच्या मंत्रिमंडळाने ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला, सिंधुदुर्गात निवती रॉक्सजवळ तिला उभी करून संग्रहालय करायचा. मालवणच्या मित्राने मला तेव्हा फोन करून सांगितलं होतं की आता तुझ्या विमानवाहूची थोरली बहीण माझ्या दारात येते. नाही आली. २०२०च्या सप्टेंबरात ती गुजरातेत अलंगला, भंगारात गेली. मित्राने फोन केला नाही. मीही नाही केला.

आणि मग आलं कोण, तर गुलदार.

१२ जानेवारी २०२४ला पोर्ट ब्लेअरला तिची निवृत्ती झाली, आणि राज्य सरकारने ती मागून घेतली. निवती रॉक्सजवळच समुद्राच्या तळाशी तिला बसवायची, भोवती प्रवाळ वाढतील, लोक बुड्या मारून बघतील, असा बेत. २०२५मध्ये ती ओढून विजयदुर्गला आणली. तिथे तिची सफाई करायची होती, तेलबिल काढून, म्हणजे समुद्र घाण होऊ नये. मित्राचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं घरात काही झालं. "इली रे," तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

मी चिपळूणहून पहाटेची गाडी पकडून गेलो. विजयदुर्गच्या किल्ल्याखाली, बंदराच्या बाजूला आम्ही उभे. ती उभी होती. रंग उडालेला, अंगावर गंजाचे ओघळ. मला ती लहान वाटली, पण विक्रांतवाल्याला सगळंच लहान वाटतं, म्हणून बोललो नाही. मित्राने घरून हॉर्लिक्सची बाटली आणली होती, पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. बाहेर काढली नाही. नुसता पिशवीवर हात ठेवून उभा.

"थयसर," त्याने बोटाने दाखवलं, "खालच्या अंगाक, माझो बंक."

मला नुसता पत्रा दिसत होता.

शेजारी एक तरुण पोरगा मोबाइलवर फोटो काढत होता, तारकर्लीकडे पर्यटकांना स्कूबाला नेणारा. त्याने आपणहून माहिती द्यायला सुरुवात केली, काका, ही जहाज बुडवणार, मग आम्ही लोकांना खाली नेऊन दाखवणार, पाणबुडीतून पण दाखवणार म्हणतात. मित्राने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, साठी उलटलेल्याला नेता काय रे खाली?

पोराने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बीपी आहे?"

"आसा."

"मग डॉक्टरची चिठ्ठी लागेल. आणि तिकीट असेल ना, काका. किती ते अजून ठरलं नाही."

मित्र माझ्याकडे वळला. पिशवी त्याने दुसऱ्या हातात घेतली.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "माझ्याच बंकाक जावक माका तिकीट."